नंदीवरचे सेनापती

सेनापतीची मिशी किती लांब असावी, याबद्दल सरकारी नियम नाही. मी चौकशी केली आहे. पोलीस चौकीत केली, तान्हा पोळा समितीत केली आणि तलावाच्या पाळीवर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका निवृत्त हवालदारांकडेही केली. यातल्या पहिल्या दोन ठिकाणी मला आधी एकच प्रश्न विचारण्यात आला, तो म्हणजे घरी कोणी मोठं माणूस नाही काय.

मोठं माणूस आहे. सगळं तिथूनच सुरू झालं. माझे सासरे लक्ष्मणराव, ज्यांना मी मामाजी म्हणते, ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात युद्धावर रुजू झाले. युद्ध आपलं नाही. पृथ्वीच्या पार त्या टोकाला दोन देश लढताहेत, पण ते टीव्हीवर लढत असल्यामुळे सकाळी सहा वाजता आमच्या बैठकीत येतात. निरोप समारंभात मिळालेला जगाचा नकाशा मामाजींनी समोरच्या भिंतीवर लावला आहे. चहा पिता पिता ते एखादं शहर घेतात, जेवणाच्या वेळेपर्यंत त्यांना ते सोडावं लागतं, आणि याचा राग वरणावर निघतो.

मामाजींना युद्ध मोठ्या आवाजात लागतं. वाहिनीवाल्यांनाही तसंच लागतं, म्हणून ते दर दहा मिनिटांनी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवतात. भोंगा वाजला की माझी मोना, वय वर्षं पाच, दिवाणाखाली जाते. पहिल्यांदा गेली तेव्हा आम्ही सगळे हसलो. मग महामार्गावरून ॲम्ब्युलन्स गेली तरी ती जायला लागली. मग राइस मिलच्या भोंग्याला जायला लागली. पोळ्याच्या तीन आठवडे आधी ती कुकरच्या शिट्टीला गेली. अंगणवाडीत जाणंही बंद केलं, कारण अंगणवाडीत दिवाण नाही.

एक दिवस खालूनच तिने मला विचारलं, "मम्मी, तो टोपीवाला आपल्याकडे कधी येईन?"

टोपीवाला म्हणजे टीव्हीवर रोज येणारा तिकडचा एक सेनापती. त्याची टोपी कढईएवढी आहे. मी मूळचीच काळजी करणारी बाई. गॅस बंद आहे हे मी दोनदा बघते आणि तिसऱ्यांदा वास घेऊन येते. पण त्या प्रश्नानंतर मी काळजी करायची थांबले आणि कामाला लागले, आणि माझ्या घरच्यांच्या मते तेच जास्त काळजीचं होतं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, टीव्ही बंद ठेवा. मी ते घरी सांगितलं. मामाजी म्हणाले, डॉक्टर बालरोगतज्ज्ञ आहेत, आंतरराष्ट्रीय प्रश्नांतलं त्यांना काय समजते. तरी नातीसाठी त्यांनी आवाज दोन घरं कमी केला. दुसऱ्याच दिवशी एक महत्त्वाचं शहर पडायला आलं, म्हणून तो पुन्हा चार घरं वाढला. माझे यजमान निकेश यांनी या प्रसंगी, वडील आणि बायको यांच्यात मतभेद झाल्यावर ते नेहमी घेतात ती भूमिका घेतली, म्हणजे ते गाडीत हवा भरायला गेले.

तेव्हा मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढलं. कॉलेजात भित्तिपत्रकाची व्यंगचित्रं मीच काढायची, त्यामुळे हात अगदीच गेला नव्हता. टोपीवाला सेनापती काढला. त्याच्या छातीवर एवढी पदकं लावली की तो एका बाजूला कलंडला, आणि उरलेली पदकं त्याच्यामागून दोन शिपाई घमेल्यात घेऊन येत होते. चित्र दिवाणाच्या कडेला ठेवलं. खालून एक हात आला आणि कागद आत गेला. थोड्या वेळाने आतून खुदकन आवाज आला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा.

मग मी थांबले नाही. दुसरं चित्र त्या देशाच्या राष्ट्रप्रमुखाचं. तो टेबलाखाली लपून माइकवर सांगतोय, "एक पाऊलही मागे हटणार नाही." तिसऱ्यात दोन्ही शत्रू सेनापती एकाच टपरीवर एकाच चहात भागीदार, एकाकडे कप, दुसऱ्याकडे बशी, आणि मागे दोन्हीकडचे सैनिक गुडघाभर चिखलात वाकून उभे, आपल्याकडे धानाच्या बांधीत बायका रोवणा करतात तसे. मोनाने टेबलाखालच्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं.

"हा पन भितो?"

"सगळ्यात जास्त हाच भितो," मी म्हणाले.

त्या रात्री माझा सिद्धांत तयार झाला. ज्याला दोरी बांधून गावभर ओढता येतं, त्याला माणूस फार दिवस भीत नाही. आणि दोरी बांधून ओढायचा दिवस आमच्याकडे पंचांगातच आहे. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गावातली सगळी लेकरं आपापला चाकांचा लाकडी नंदी सजवून मारुतीच्या पटांगणात आणतात, सजावटीची स्पर्धा होते आणि मग नंदी घरोघर फिरतात. ठरलं. या वर्षी मोनाच्या नंदीवर झूल नाही, सेनापती.

शेजारच्या शकुनबाईंना हे कळायला मला सांगावं लागलं नाही. आमच्या दोन घरांमध्ये भिंत आहे, पण ती फक्त घरपट्टीसाठी. त्या आल्या, चित्रं डोळ्यांपासून हातभर लांब धरून पाहिली आणि म्हणाल्या, चांगली हायेत, पण माणसं लहान वाटतात. मोठी कर. मी कॅलेंडरवरून मोठ्या पुठ्ठ्यावर आले. सासूबाई, म्हणजे कुंताबाई, म्हणाल्या, पाण्यापावसाचे दिवस, पुठ्ठा भिजेल, मागून कामट्या लाव. कामट्या लावल्या. आता नंदी गुडघ्याएवढा आणि सेनापती कमरेएवढे झाले. पहिल्याच चाचणीत नंदी टोपीवाल्याच्या बाजूला आडवा झाला. निकेशने आपण होऊन नंदीला गॅस सिलिंडरच्या चाकांच्या गाडीवर बांधून दिलं. तीन दिवस आमचं सिलिंडर घरात फरफटत फिरत होतं, पण संसारात कोणाला तरी त्याग करावाच लागतो.

स्पर्धेचा फॉर्म भरायला मी समितीचे अध्यक्ष खेमराजभाऊ यांच्या खताच्या दुकानात गेले. फॉर्मवर तीन गट होते: पारंपरिक, पौराणिक आणि सामाजिक संदेश. मी तिसऱ्यावर खूण केली. खेमराजभाऊंनी कॅलेंडरवरची मूळ चित्रं पाहिली आणि त्यांचा चेहरा पावसात भिजलेल्या युरियाच्या पोत्यासारखा झाला.

"वैनी, आपल्या इथं राजकारन नाही चालत."

मी म्हणाले, मागच्या वर्षी मोठ्या पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे टोमण्यांची गाणी म्हटली, त्यात आमदारापासून सावकारापर्यंत एकाची टोपी डोक्यावर ठेवली नव्हती. एक झडती तर खताच्या वजनावर होती. हे मी बोलायला नको होतं. ती झडती ज्यांच्यावर होती ते माझ्यासमोर काट्यामागेच बसले होते.

"संदेश काय लिहू याच्यात?" त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं.

"भिऊ नये."

"कोनं?"

"लहान मुलांनी."

"कोनाले?"

"मोठ्या माणसांना."

खेमराजभाऊंनी पेनाचं टोपण लावलं. त्यांचं म्हणणं, झाडं लावा असा संदेश असता तर त्यांनी डोळे मिटून घेतला असता. ही फौजेची गोष्ट. उद्या कोणी उठून म्हटलं की अपमान झाला, तर निस्तरायचं कोणी. चौकीतून ना हरकत आणा, आणि गावातल्या एखाद्या फौजी माणसाची सही आणा. त्यांना वाटलं, मी घरी जाईन. मी मोनाला कडेवर घेतलं आणि चौकीत गेले.

जमादारसाहेब सज्जन होते. त्यांनी मोनाला बिस्कीट दिलं आणि मला छापील अर्ज दिला. तो मिरवणुकीचा होता. त्यात वाद्यं किती, वाहनं किती, मूर्तीची उंची किती, असे रकाने होते. मी वाहनांपुढे "एक, सिलिंडरचं" लिहिलं. साहेबांनी चित्रं पाहिली आणि रजिस्टर उघडलं.

"जनरल कोणत्या देशाचा आहे, मॅडम?"

मी म्हटलं, कोणत्याच नाही. काल्पनिक आहे.

"देश नाही तं मग जनरल कसा झाला?"

शेवटी देशापुढे "लागू नाही" असं लिहिलं गेलं. मग मिशीचा प्रश्न निघाला. तशी मिशी तालुक्याच्या एका मोठ्या साहेबांची होती, आणि साहेब पोळ्याच्या बंदोबस्ताला येण्याची शक्यता होती. मिशीबद्दल नियम दाखवा, असं मी म्हणाले. नियम निघाला नाही. पण सही मिळायची होती, म्हणून मी तिथेच, जमादारसाहेबांच्या पट्टीने मोजून, दोन्हीकडून बोट-बोट मिशी कमी केली. जाताना त्यांनी सांगितलं की गावाचं नाव कुठे येऊ देऊ नका. म्हणून मी एवढंच सांगते की लाखनीच्या अलीकडे, महामार्गाला लागून.

फौजी माणूस म्हणजे इतवारीजी. हवालदार होऊन परत आले आणि घरच्या धंद्याला, तलावातल्या मासोळ्यांना लागले. त्यांच्याकडे जायची मला खरी भीती होती. चौकीत चुकलं तर अर्ज चुकतो. इथे, ज्या माणसाने वीस वर्षं बर्फात काढली त्याच्यासमोर मी सेनापतीची टिंगल घेऊन उभी राहणार होते, तेही साडीला रंग लागलेला असताना.

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. तिन्ही चित्रं पाळीवर ओळीने मांडली आणि उकिडवे बसून पाहत राहिले. एवढा वेळ की मोनाने तेवढ्यात पायरीवर चार शिंपले गोळा केले. मी मनातल्या मनात माफीचं पहिलं वाक्य जुळवत होते.

"चुकलं तुमचं," ते म्हणाले.

मी म्हणाले, हो, माझ्या लक्षात आलं, मी आणायलाच नको होती.

"पदकं डाव्या छातीवर असतात. तुम्ही उजव्या लावले. आन् साह्यबाच्या बुटाले चिखल दाखवला. साह्यबाच्या बुटाले चिखल म्या कधी पाह्यला नाही."

मग ते अर्धा तास सांगत होते आणि मी चित्रांच्या पाठीवर टिपून घेत होते. साहेबाच्या हातात बंदूक नसते, छडी असते. चहा साहेब स्वतः धरत नाही. चिखलातले सैनिक मात्र त्यांनी बोटाने हळूच पुसल्यासारखे केले, आणि तेवढं बरोबर आहे म्हणाले. सही करताना म्हणाले, "साह्यब नकाशावर बोट ठेवते, बाई. आमी त्या बोटाखाली असतो." मी घरी येऊन पदकं खरवडून डावीकडे लावली. बैठकीत मामाजी नकाशावर बोट ठेवून निकेशला काहीतरी समजावत होते.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पटांगणात पन्नासेक नंदी होते. कोणाचा बर्फाच्या गोळ्याचा कैलास, कोणाचं थर्माकोलचं धरण. आमचा क्रमांक सतरा. मोनाने नवा फ्रॉक घातला होता, दोरी हातात घट्ट धरली होती, आणि टोपीवाला तिच्यामागे मुकाट चालत होता. मी निकेशला म्हणाले, बघा. एवढ्यात पाच वाजले आणि राइस मिलचा भोंगा झाला.

मी वळले तर दोरी जमिनीवर. मोना नाही. मी आधी पटांगणाच्या गेटाकडे धावले, मग पाण्याच्या टाकीकडे, आणि तोंडाने तिचं नाव घेत परत आले तेव्हा परीक्षकांच्या टेबलाच्या कापडाखाली मला फ्रॉकची झालर दिसली. मी वाकून म्हणाले, चल बाळा. हात लावला तर ती आणखी आत सरकली.

एवढ्यात माइकवर खेमराजभाऊ म्हणाले, "क्रमांक सतरा, कुमारी मोना." थोडं थांबून म्हणाले, "कुमारी मोना नाही. कुमारी मोनाची आई."

पन्नास लेकरांच्या रांगेत, बत्तीस वर्षांची, पदवीधर बाई सिलिंडरची गाडी ओढत गेली. हे वाक्य मी एकदाच लिहिणार आहे. परीक्षकांनी विचारलं, मुलगी कुठे आहे. मी म्हणाले, तुमच्या पायाशी. त्यांनी घाबरून पाय वर घेतले. त्यांनी विचारलं, संदेश काय? मी घसा खाकरला आणि म्हणाले, "भिऊ नये," आणि मला माझ्याच आवाजात रडू ऐकू आलं.

तेवढ्यात बायका ताटं घेऊन आल्या. तान्ह्या पोळ्याला नंदीची पूजा होतेच. पाय धुवायचे, हळद-कुंकू लावायचं, तांदूळ टाकायचे, लेकराच्या हातावर खाऊचा बोजारा ठेवायचा. पुढे सासूबाई, मागे शकुनबाई. नंदी सेनापतींच्या आड कुठेतरी होता. शकुनबाईंनी शोधायचा त्रास घेतला नाही. समोर होता त्या टोपीवाल्याला त्यांनी हात जोडले आणि कुंकवाचा अंगठा उचलला.

"अहो, थांबा," मी म्हणाले. "हे देव नाहीत. ही व्यंगचित्रं आहेत. यांना हसायचं असतं."

"हासू ना मंग, बाप्पा. पयले कुंकू तं लावू दे. नंदीवर बसला म्हंजे महादेवाच्या घरचाच कोनीतरी असंन."

शकुनबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. अंगठा कपाळाला जायचा तो नाकावर गेला. तांदूळ टाकले ते ओल्या रंगामुळे मिशीत अडकले. माझ्या तीन आठवड्यांच्या कष्टांना, जमादारसाहेबांच्या पट्टीला आणि इतवारीजींच्या वीस वर्षांच्या अनुभवाला एका अंगठ्याने लाल नाक आलं. मागच्या बायकांनी ओळ धरली. कोणी पाय शोधून पाणी घातलं, कोणी झेंडूचा हार आणला, एका आजीने तर दोन्ही शत्रू सेनापतींना मिळून एकच नारळ ओवाळला. मी समजावत होते आणि माझ्याच कपाळाला कोणीतरी कुंकू लावून पुढे गेलं.

सासूबाई मागच्या बाजूला, राष्ट्रप्रमुखासमोर खाली बसल्या होत्या. टेबलाखालच्या माणसाला कुंकू लावायचं म्हणजे बसावंच लागतं.

"अवं, हा असा टेबलाखाली काहून बसला?" त्या म्हणाल्या.

परीक्षकांच्या टेबलाचं कापड हललं. मोनाचं डोकं बाहेर आलं.

"भितो तो, आजी. त्याले बाहेर ये म्हन."

"मायं कोन आयकते? तूच सांग."

मोना रांगत बाहेर आली, फ्रॉकची पार माती झालेली. तिने ताटातून कुंकू घेतलं, राष्ट्रप्रमुखाच्या दोन भुवयांच्या मधे बरोबर लावलं, आणि कुकरच्या शिट्टीच्या वेळी मी तिच्याशी ज्या आवाजात बोलते त्याच आवाजात म्हणाली, "बाहेर ये, बाळा. काई नाही. मिलचा भोंगा हाय."

मग तिने दोरी उचलली.

पुढचा सगळा मार्ग माझ्या कलेच्या दृष्टीने वाईट होता. घरोघरी सेनापतींना ओवाळण्यात आलं. लोक वाकून नमस्कार करत होते. निकाल लागला तेव्हा आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला, तोही पारंपरिक गटात, आणि खेमराजभाऊंनी माइकवर "थोर पुरुषांचा आदर" अशी दोन वाक्यं बोलून माझ्या व्यंगचित्रकलेचा अंत्यविधी उरकला. मी मंचावर जाऊन गट चुकल्याचं सांगणार होते. पण मोना मंचाखाली नव्हती, मंचावर होती, आणि तिला बक्षिसाचा डबा हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुठ्ठे रद्दीत टाकायला काढले तर दारात इतवारीजी. म्हणाले, "टाकू नका. कुंकू लागलं त्याइले. पूजा झालेली वस्तू फेकत नाही, शिरवा लागते." आणि शिरवणं म्हणजे विसर्जन, ते तलावातच. मी, मोना आणि इतवारीजी पाळीवर गेलो. कामट्या त्यांनी काढून ठेवल्या. मग एकेक सेनापती दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. टोपीवाला बराच वेळ तरंगला, मग पदकांच्या बाजूने खाली गेला. इतवारीजी सावधानमध्ये उभे होते, पण हसत होते. मोनाने हात जोडले आणि विचारलं, कुंकू लागलं की सगळ्यांनाच शिरवा लागते काय. ते म्हणाले, हो, नियमच आहे.

घरी आलो तेव्हा बैठकीत युद्ध सुरू होतं. खरा टोपीवाला पडद्यावर बोट नाचवत काहीतरी सांगत होता, आणि आम्ही आत पाऊल टाकतो तोच भोंगा झाला. माझे हात आपोआप दिवाणाच्या दिशेने गेले. मोना तिकडे गेली नाही. ती देवघरात गेली. परत आली तेव्हा तिचा अंगठा लाल होता. टीव्हीच्या समोर स्टूल ओढून ती चढली, आणि टोपीवाला बोलत असतानाच त्याच्या नाकावर तिने कुंकू लावलं.

मामाजी रुमाल घेऊन उठले. दोन पावलं गेले आणि थांबले. कुंकू पुसायचं कसं, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. पडद्यावर टोपीवाला गेला आणि निवेदक आला. त्याच्याही नाकावर तेच. मग एक नकाशा आला, त्यावर एका मोठ्या शहराच्या जागी लाल ठिपका. मामाजी त्या ठिपक्याकडे पाहत राहिले.

मोना स्टुलावरून उतरली, हात फ्रॉकला पुसले आणि आजोबांना समजावून सांगितलं, "आबाजी, आता टीव्ही शिरवा लागन."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीची वायर कुठे लावली आहे ते बघून ठेवलं. त्यांनी रिमोट उचलला आणि स्वतःच्या हाताने बटण दाबलं.